दहापैकी तीन

शनिवारी सकाळी लमार मागच्या दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा इडेला संध्याकाळच्या जेवणासाठी मासे साफ करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आलास ते बरं झालं. दुसरी सुरी घे आणि बस."

लमार बसला नाही. तिचा हा भाचा दारात उभा राहिला की उजेड अडायचा, एवढा उंच. आज मात्र खांदे पाडून उभा होता.

"आत्या, आज संध्याकाळी तू संघाचं भाकीत सांगशील ना, त्यात मला धरू नकोस."

इडेलाची सुरी थांबली. पहिली शंका तिला खांद्याची आली. "पुन्हा दुखतोय? बापाला सांगितलंस?"

"खांदा ठीक आहे. मी सोमवारी जातोय. पलीकडे."

बॅस्कमांच्या घरात 'पलीकडे' म्हणजे एकच जागा. नदीपलीकडचं ते राज्याचं मोठं विद्यापीठ, लाल विटांचं, अख्खं गाव तीनदा मावेल एवढ्या मैदानाचं. त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे. इडेलाच्या आजोबांना त्या मैदानात शेंगदाणे विकायलासुद्धा मागच्या फाटकातून जावं लागे. आता कुठे, सत्तर साल उलटल्यावर, तिथल्या संघात एखाद-दुसरा काळा मुलगा दिसायला लागला होता.

"कधी ठरलं हे?"

"जुलैत. त्यांच्या एका खेळाडूचा गुडघा गेला आणि जागा रिकामी झाली. त्यांचे धाकटे, म्हणजे सहायक, कोच घरी आले होते. बाबा तेव्हा माँटगोमेरीला होते."

"म्हणजे बाप घरात नाही हे बघून आले."

लमार दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडू लागला.

"सही कुणी केली? तुझी एकट्याची चालत नाही."

"आईने."

इडेलाने सुरी ताटलीत ठेवली, हात धुतले, पुसले, आणि मग पुन्हा धुतले. तिच्या डोळ्यांपुढे तिचा धाकटा भाऊ, लमारचा बाप एमोरी आला. वीस वर्षं काळ्यांच्या लॅझेनबी कॉलेजचा फुटबॉल संघ त्याच्या हाती होता. गेल्या वर्षीची चांगली पोरं पदव्या घेऊन निघून गेली तेव्हा त्याने चकार शब्द काढला नाही, कारण त्याला ठाऊक होतं की घरात कोण मोठं होतंय. सबंध उन्हाळा त्याने जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या सरकवत काढला होता. हा इकडे पळेल, तो तिकडे आडवा येईल. मधोमध उभी मिठाची डबी म्हणजे लमार. क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येणार, आणि पुढे काय करायचं ते तोच ठरवणार.

"तू सांग ना बाबांना," लमार म्हणाला. "तुझं ऐकतात ते."

"ऐकतो, कारण मी कधी दुसऱ्याची वकिली घेऊन त्याच्याकडे जात नाही. हे तुझं तू सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी संध्याकाळी उभी राहीन आणि तू नसलेल्या संघाचं भाकीत सांगेन. माझा भाऊ मूर्ख नाही. आकड्यावरून कळेल त्याला. आणि असं कळणं फार वाईट असतं, लमार."

"तुला राग आलाय."

"आलाय. कुणाचा ते अजून ठरलं नाही. सुरी घे."

या वेळी त्याने घेतली.

भाकिताची रीत इडेलाच्या वडिलांनी पाडली होती. ते आगगाडीच्या भोजनडब्यात आचारी होते. राज्याच्या वर्तमानपत्रात दर ऑगस्टात गोऱ्यांच्या सगळ्या संघांची भाकितं छापून येत, पार शाळकरी पोरांच्या संघांपर्यंत. लॅझेनबीचं नावसुद्धा नसे. एका वर्षी त्यांनी तो कागद माशांची आतडी गुंडाळायला घेतला, अंगणात खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "ते लिहीत नाहीत, तर आपण बोलू." मग एकेक सामना घेऊन त्यांनी सगळा हंगाम सांगितला, आणि शेवटी दहापैकी किती जिंकणार तो आकडा. म्हातारपणी हे काम त्यांनी दोन्ही मुलांना डावलून मुलीला दिलं. एमोरीला हवं ते दिसतं, रॉस्कोला गिऱ्हाइकाला हवं ते दिसतं, इडेलाला असतं ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. इडेला शाळेत भूगोल शिकवायची. ऑगस्टभर दुपारी जाऊन सराव बघत बसायची, कुणाशी बोलायची नाही. तिचा आकडा कधी चुकायचा, पण कुणाला बरं वाटावं म्हणून चुकायचा नाही. शनिवारी सांगितलेला आकडा रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आणि सोमवारी न्हाव्याच्या दुकानात असायचा.

जेवण नेहमीप्रमाणे रॉस्कोच्या अंगणात होतं. रॉस्को, तिन्ही भावंडांत सगळ्यात धाकटा, अंत्यविधीचा धंदा करायचा, त्यामुळे खुर्च्यांना तोटा नव्हता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर 'बॅस्कम अंत्यविधी सेवा' असं रंगवलेलं होतं. माझ्या खुर्च्यांवर बसून लोक हसतात असा हा वर्षातला एकच दिवस, असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी स्वतःच हसायचा. आज मात्र इडेला आल्या आल्या त्याने तिला अंजिराच्या झाडामागे ओढलं.

"ताई, आठ म्हण."

"काय आठ?"

"दहापैकी आठ. मी दहा नाही मागत, मला लाज आहे. मंगळवारी कॉलेजच्या आम्हा विश्वस्तांची बैठक आहे. आमच्या अध्यक्षांनी डोक्यात घेतलंय की फुटबॉल बंद करायचा. म्हणतात, चांगली पोरं आता पलीकडचे पळवणार, मग हरणारा संघ पोसायचा कशाला. तुझा आकडा तिथवर पोचतो. तू आठ म्हणालीस तर कुणाची टाप नाही बोलायची."

"आणि मी कमी म्हणाले तर?"

"कमी कशाला म्हणशील? आपलं पोरगं आहे ना या वर्षी."

इडेलाने त्याच्या कॉलरवरचं मक्याचं पीठ झटकलं. "जा, पाहुणे बघ तुझे," ती म्हणाली.

मासे तळण्याचं काम एमोरीचं. काळ्या लोखंडी कढईसमोर तो घामाने निथळत उभा होता, गळ्यात शिट्टी तशीच. "ताई," तिला बघून तो ओरडला, "या वर्षी तुला फार डोकं चालवावं लागणार नाही." त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की इडेला मान हलवून सरळ स्वयंपाकघरात गेली.

तिथे कोरीन, एमोरीची बायको, बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडी कापून घालत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्याने तुम्हाला सांगितलं."

"तू तुझ्या नवऱ्याला कधी सांगणार होतीस?"

"सोमवारी. सामान दारात काढल्यावर."

"सोपी वाट धरलीस."

कोरीनने सुरी खाली ठेवली. "सोपी? वीस वर्षं मी या संघाचे सदरे धुतलेत, ताई. यांच्या पोरांना जेवायला घातलंय, त्यांच्या आयांना पत्रं लिहिलीयत. सोप्याचं मला सांगू नका. माझा भाऊ लढाईवरून पदक घेऊन आला आणि त्या विद्यापीठात अर्ज द्यायला गेला. फाटकावरच्या माणसाने विचारलं, माळीकाम हवंय का. माझा भाऊ तिथून आला तो पुन्हा कधी शिकायचं नाव घेतलं नाही त्याने. माझा मुलगा त्या फाटकातून आत जाणार. त्याला मला कुणाची परवानगी नको."

"एमोरीचीही नको?"

"दिली असती त्यांनी?"

इडेलाने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नसती दिली."

"मग?" कोरीन म्हणाली आणि पुन्हा अंडी कापायला लागली.

ऊन उतरल्यावर सगळे खुर्च्या ओढून गोल बसले. रॉस्कोने वर्तमानपत्र उघडलं. आता तिथे लॅझेनबीवर एक ओळ यायला लागली होती. त्याने घसा साफ करून ती वाचली: "लॅझेनबी. फारशी अपेक्षा नाही."

"नाव तरी नीट छापलंय," एमोरी कढईपासून म्हणाला, आणि अंगण हसलं.

"आकडा मोठ्याने सांग गं पोरी," प्रेस्टनकाका ओरडले. ते वडिलांचे भाऊ, ठार बहिरे. हेल्मेटं यायच्या आधी, चामड्याची टोपी घालून लॅझेनबीच्या पहिल्या संघात खेळलेले.

इडेला खुर्चीवर चढायची नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली आणि तिने लमारकडे बघितलं. तो कुंपणाशी होता, हातातली थाळी तशीच भरलेली. ती थांबली. लोकांना वाटलं ती मजा वाढवतेय. लमारने थाळीत खाली बघितलं.

"पहिला सामना, सेंट एल्मो," इडेला म्हणाली. "हरणार."

दोघं-तिघं हसले.

"दुसरा, ग्रीन रिव्हर. जिंकू, पण कसेबसे. तिसरा, माउंट नेबो. हरणार. चौथाही."

आता कुणी हसत नव्हतं. ती पुढे सांगत गेली, आवाज न चढवता, शाळेत नद्यांची नावं सांगायची तशी. शेवटचा सामना सांगून झाल्यावर म्हणाली, "दहापैकी तीन."

"किती म्हणाली?" प्रेस्टनकाकांनी विचारलं.

"तीन, काका," रॉस्को पडेल आवाजात म्हणाला.

"तेरा?"

"तीन. सामनेच दहा असतात, काका."

एमोरी झारा हातात घेऊन दोन पावलं पुढे आला. "ताई, हा कुठला संघ?"

"तुझाच."

"माझ्या संघात लमार आहे."

एमोरीने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. कोरीनने नजर हटवली नाही. मग त्याने मुलाकडे बघितलं. लमारने थाळी कुंपणाच्या खांबावर ठेवली.

"नाहीये, बाबा."

कढईत मासे तडतडत होते. एमोरी वळला, एकेक तुकडा झाऱ्याने निथळून बाहेर काढला, एकही करपू दिला नाही. कढई विस्तवावरून उतरवली. मग पाठमोराच म्हणाला, "कुठे?"

"पलीकडे."

"कोण आलं होतं?"

"त्यांचे धाकटे कोच."

"घरात बसले?"

"मी बसवलं," कोरीन म्हणाली. "सहीही मी केली. त्याला काही विचारू नका, मला विचारा."

"तुला मी काय विचारू?" एमोरी वळला. त्याचा आवाज खालीच होता. मैदानावर तो ओरडायचा, खरा राग आला की आवाज उतरायचा. "वीस वर्षं मी त्यांच्यापेक्षा सरस पोरं तयार करतोय. वीस वर्षांत एकदा आमच्याशी खेळायची छाती झाली नाही त्यांची. पत्रं पाठवली मी. उत्तर नाही. आणि आताही त्यांना आमच्याशी खेळायचं नाहीये. नुसतं येऊन उचलून न्यायचंय."

"मला कुणी उचललेलं नाही," लमार म्हणाला. "मी माझ्या पायांनी जातोय."

"कृतघ्न आहेस," रॉस्को म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस," एमोरी आणि कोरीन एकदमच म्हणाले.

लमार कुंपणापासून पुढे आला. "तुमच्याकडे जिंकलो तरी मी कोचचा मुलगा, बाबा. हरलो तरी कोचचा मुलगा. तिकडे लोक मला काय काय म्हणतील ते ठाऊक आहे मला. म्हणू देत. त्यांच्या मैदानाच्या मधोमध उभं राहून मला त्यांचा संघ माझ्या आवाजावर हलवायचाय. ते एकदा बघू देत त्यांना."

"क्वार्टरबॅक म्हणून घेतायत तुला?" इडेलाने विचारलं.

सगळ्या अंगणाला तिच्या प्रश्नाचा अर्थ कळला. आपल्या पोरांचे पाय पलीकडच्यांना हवे असत. कडेने पळवायला, चेंडू झेलायला. हुकूम सोडणाऱ्या जागेवर आपलं पोरगं त्यांनी अजून उभं केलं नव्हतं.

"तसं म्हणालेत."

"कसं म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

लमारने ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणाले, आधी ये, मग बघू."

एमोरी हसला, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "बघतील. तुझे पाय बघतील आणि कडेला पळवतील."

"मी नाही पळणार."

"मग काय करशील?"

"बसून राहीन. क्वार्टरबॅकच्या रांगेत, बाकावर. वर्ष जाईल, दोन जातील. कंटाळतील ते."

इडेलाला वाटलं, हा हट्ट या पोराने कुठून आणला ते विचारायची गरज नाही, तो समोरच झारा धरून उभा आहे.

"टीव्हीवर दिसशील का रे तू?" रॉस्कोने न राहवून विचारलं. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं, तसा तो इडेलाकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हे तीन या अंगणाबाहेर जायला नको. मंगळवारपर्यंत तरी."

"उद्या चर्चमध्ये कुणी विचारलं तर मी सांगणार."

"संघ बंद पाडशील तू."

"संघ माझ्या आकड्यावर उभा असेल तर तो आधीच पडलाय. वडिलांनी मला इथे खोटं बोलायला नाही उभं केलं, रॉस्को. खोटं ऐकायचं तर पेपर आहेच."

"भावापेक्षा आकडा मोठा झाला का तुला?"

ते तिला लागलं. ती काही बोलणार, तेवढ्यात एमोरी म्हणाला, "सांगू दे तिला."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"तीनच सांगू दे. जे आहे ते आहे. आणि मंगळवारी बैठकीत तूही तीनच सांग. सांग त्यांना, तो तीनवाला संघ घेऊन कोच बॅस्कम मैदानात उभा राहणार आहे. बंद करायचाय ना, तर मैदानात या, पोरांच्या तोंडाकडे बघा, आणि करा." त्याने झारा कढईत टाकला आणि फाटकातून बाहेर पडला. त्याची गाडी तिथेच राहिली. तो चालत गेला.

रविवारी तो चर्चमध्ये दिसला नाही. कॉलेजच्या खेळाडूंच्या खोलीत बाकावर झोपला होता, असं नंतर कळलं. पायऱ्यांवर इडेलाला लोकांनी गाठलं आणि तिने आकडा सांगितला. टपालखात्यातले एक गृहस्थ तोंड वाकडं करून म्हणाले, "सख्खा भाऊ ना तो तुमचा?"

"सख्खा आहे म्हणूनच खरं सांगतेय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

सोमवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. एमोरीची गाडी होती. तो चर्चचा काळा कोट घालून बसला होता, शेजारी लमार, मागे कोरीन, तिच्या मांडीवर लमारची बॅग.

"बस, ताई," एमोरी म्हणाला.

"मी कशाला?"

"कुणीतरी शहाणं माणूस लागेल बरोबर."

नदीवरचा पूल येईपर्यंत कुणी बोललं नाही. पुलाच्या मध्यावर एमोरी समोर बघतच म्हणाला, "डावीकडून मार येताना दिसला तर?"

लमार दचकला. "चेंडू पोटाशी. उजवा पाय मागे."

"आणि दिसलाच नाही तर?"

"तर पडायचं, पण चेंडू सोडायचा नाही."

"त्यांची पोरं तुला मुद्दाम उशिरा मारतील. शिट्टी झाल्यावर. सरावातसुद्धा. तेव्हा?"

"उठायचं."

"बोलायचं काही?"

"नाही. पुढचा डाव सांगायचा."

लाल विटा दिसेपर्यंत बाप विचारत राहिला आणि मुलगा सांगत राहिला. इडेलाच्या शेजारी कोरीन खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. तिची हनुवटी घट्ट आवळलेली होती.

पुढच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात दाखवून गाडी थांबवली. आत वाकून त्याने चौघांकडे बघितलं. "सामान पोचवायचं असेल तर मागच्या बाजूने."

"सामान नाही आणलेलं," एमोरी म्हणाला. "क्वार्टरबॅक आणलाय. तुमच्या माणसांना फोन करा. मी इथेच थांबतो."

मागे गाड्यांची रांग लागली. कुणीतरी भोंगा वाजवला. एमोरीने इंजिन बंद केलं. पहारेकरी त्याच्याकडे बघत राहिला, मग चौकीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. शेवटी त्याने आडवा दांडा उचलला. गाडी आत शिरली तेव्हा कोरीनने मागून हात पुढे करून नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. त्याने तो झटकला नाही.

धाकटे कोच धावतच बाहेर आले. तिशीचा, उन्हाने लाल झालेला माणूस. हात पुढे करून म्हणाला, "कोच बॅस्कम, तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

"ऐकलं असतंत तर मी घरी असताना आला असतात," एमोरी म्हणाला, पण हात मिळवला. "हा क्वार्टरबॅक आहे. याला कडेला पळवलंत तर लक्षात ठेवा, मला आता पुढचं फाटक माहीत झालंय."

त्या माणसाचं हसू थोडं आखडलं. "आपण बघू सगळं."

"बघाच," लमार म्हणाला. त्याने आईच्या मांडीवरची बॅग उचलली, वाकून तिच्या गालाचं चुंबन घेतलं, आत्याचा हात दाबला. बापासमोर मात्र तो नुसता उभा राहिला. एमोरीने त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. तेवढंच. मग लमार पायऱ्या चढून गेला, खांदे सरळ.

परतताना गाडी गावात शिरली तेव्हा एमोरीने कोरीनला विचारलं, "त्याने रुमाल घेतलेत ना?" आणि ती म्हणाली, "घेतलेत." दोन दिवसांत नवरा-बायकोतलं ते पहिलं बोलणं.

बुधवारी दुपारी इडेला सराव बघायला मैदानाकाठच्या बाकांवर नेहमीच्या जागी जाऊन बसली. थोड्या वेळाने रॉस्को धापा टाकत वर आला.

"झाली बैठक काल," तो म्हणाला. "मी तीन सांगितलं."

"मग?"

"अध्यक्ष म्हणाले, तीन सामन्यांसाठी हा खटाटोप? मी काय बोललो ते मला नीट आठवतसुद्धा नाही, ताई. म्हणालो, पलीकडच्यांना आपली पोरं दिसायला लागली म्हणून आपण आपलं दार लावून घ्यायचं का? ज्यांना ते नेणार नाहीत त्या पोरांनी कुठे जायचं?" त्याने रुमालाने मान पुसली. "एका मताने वाचलो. एका वर्षापुरते."

"आठ म्हणाला असतास तर?"

"हसले असते. तोवर तुझा आकडा सगळ्यांना माहीत झाला होता." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी बोललो ते मनावर घेऊ नकोस." आणि उतरून गेला. त्याला एक अंत्यविधी होता.

खाली एमोरीच्या शिट्ट्या चालल्या होत्या. लमारच्या जागी हॉबर्ट नावाचा मुलगा होता, गिरणीवस्तीतला, बुटका, रुंद मानेचा. पाणी प्यायची सुट्टी झाली तेव्हा तो पाण्याकडे न जाता बाकांच्या पायऱ्या चढून इडेलासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही तीन म्हणालात ते खरं?"

"खरं."

"कोचना विचारलं, का हरणार. ते म्हणाले, जिने सांगितलं तिला विचार." घाम त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होता. "माउंट नेबोशी का हरणार?"

इडेलाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. शाळेत नापास झालेली मुलं असं विचारायला कधी येत नसत. "कारण डावीकडून कुणी अंगावर आलं की चेंडू फेकायच्या आधी तू जमिनीकडे बघतोस."

"इथून दिसतं ते?"

"दिसतं."

"म्हणजे नेबोवाल्यांनाही दिसेल."

"हो."

हॉबर्टने मान हलवली. आभार मानले नाहीत, वादही घातला नाही. खाली गेला आणि संघातल्या सगळ्यात धिप्पाड मुलाला काहीतरी सांगितलं. तो मुलगा डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. चेंडू आला, धिप्पाड पोरगा धावत आला, हॉबर्टने जमिनीकडे बघितलं आणि आडवा झाला. उठला. पुन्हा तेच. पुन्हा जमिनीकडे बघितलं, पुन्हा आडवा. एमोरी शिट्टी तोंडात धरून उभा राहिला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पोरं पाणी पिऊन परत आली आणि बघत उभी राहिली. एकदा त्याने मान वर ठेवली, पण चेंडू भलतीकडेच गेला. पुढच्या वेळी पुन्हा जमिनीकडे.

"परत," हॉबर्ट म्हणाला.

सराव संपल्याची शिट्टी झाली तरी हॉबर्ट आणि तो धिप्पाड पोरगा मैदानातून हलले नाहीत, आणि बाकीची पोरंही हलली नाहीत. ऊन बाकांवरून सरकून पार कुंपणापाशी गेलं. इडेलाला शाळा उघडण्याआधी धड्यांची तयारी करायची होती. आकडा तिने बदलला नाही, मनातही नाही. पण ती घरीही गेली नाही.